विश्लेषण : तापीचा गाळ आणि काळा पाषाण वाचणारा माणूस, कोण होते विल्यम ब्लॅनफर्ड?

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल किंवा चोपडा तालुक्यात तापीच्या काठाजवळ बोअर मारली, तर आधी काळी माती लागते. मग पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे, मग वाळू, पुन्हा चिकणमाती, पुन्हा वाळू. शंभर-दोनशे फूट गेले तरी अनेकदा खडक लागत नाही. याउलट धुळे, साक्री, पारोळा भागात थोडी माती आणि मुरूम संपला की लगेच काळा पाषाण सुरू होतो. एकच तापी खोरे, पण जमिनीखालचे चित्र इतके वेगळे का?

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याची सुरुवात सुमारे १६० वर्षांपूर्वी झाली. विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांची पाहणी केली आणि १८६९ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. भारताच्या भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. पण ज्या खानदेशावर त्यांनी काम केले, तिथे ते फारसे कुणाला माहीत नाहीत. ब्लॅनफर्ड कोण होते, त्यांनी खडकांचे थर कसे वाचले आणि त्याचा आजच्या केळी उत्पादकाशी काय संबंध आहे, हे समजून घेऊया.

सोनेरी चौकटींचा कारखाना ते भूशास्त्र

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा सोनेरी मुलामा दिलेल्या चौकटी आणि पट्ट्या बनवण्याचा कारखाना होता. शिक्षण ब्रायटन आणि पॅरिसमध्ये झाले. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी इटलीतील चिव्हितावेक्किया या बंदरात एका व्यापारी पेढीत काम केले. १८५१ मध्ये परत आल्यावर घरच्या धंद्यात जाण्याचा रस्ता सरळ होता. पण त्याच सुमारास लंडनमध्ये खाणकाम आणि भूशास्त्र शिकवणारी नवी सरकारी संस्था सुरू झाली होती. १८५२ मध्ये त्यांनी तिथे प्रवेश घेतला. शिक्षण पूर्ण केल्यावर जर्मनीतील फ्रायबर्ग या प्रसिद्ध खाण विद्यालयातही ते शिकले.

१८५५ मध्ये वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी ते कलकत्त्याला आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे आजची जीएसआय, तेव्हा जेमतेम ४ वर्षांची होती. थॉमस ओल्डहॅम तिचे प्रमुख होते. विल्यम यांच्यासोबत धाकटे भाऊ हेन्री हेही याच नोकरीत रुजू झाले. हेन्री पुढे हवामानशास्त्राकडे वळले आणि १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख बनले. म्हणजे एकाच घरातील दोन भावांपैकी एकाने भारताच्या जमिनीखाली पाहिले आणि दुसऱ्याने आभाळाकडे.

सरकारला भूशास्त्रज्ञ हवे होते ते प्रामुख्याने कोळशासाठी. रेल्वे येत होती, आगबोटी धावत होत्या आणि इंग्लंडमधून कोळसा आणणे महाग पडत होते. त्यामुळे नव्या अधिकाऱ्यांना पहिली कामगिरी मिळाली ती ओडिशातील तालचेर कोळसा क्षेत्राची.

तालचेरचे दगड : पहिलीच पाहणी आणि अविश्वास

तालचेरमध्ये कोळशाच्या खाली एक विचित्र थर दिसला. अगदी बारीक चिकण गाळाचा खडक आणि त्यात मधोमध रुतलेले मोठमोठे गोटे. काही गोटे इतके मोठे होते की माणसाला हलवता येऊ नयेत.

यात विचित्र काय? वाहते पाणी सामान निवडून टाकते. जोराचा प्रवाह मोठे गोटे वाहून नेतो. प्रवाह मंदावला की आधी गोटे, मग खडी, मग वाळू आणि सगळ्यात शेवटी बारीक गाळ खाली बसतो. गोटे हलवणारा प्रवाह बारीक गाळ बसू देत नाही आणि गाळ बसू देणारा संथ प्रवाह गोटे आणू शकत नाही. मग दोन्ही एकाच थरात कसे आले?

ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी विल्यम थियोबाल्ड यांनी १८५६ च्या अहवालात जे कारण सुचवले, ते तेव्हा धाडसाचे होते : बर्फ. गोटे बर्फात अडकून आले असावेत आणि बर्फ वितळल्यावर खालच्या संथ पाण्यातील गाळात पडले असावेत. उष्ण कटिबंधातील ओडिशात बर्फ! त्या काळी युरोपातही जुन्या हिमयुगांबद्दल एकमत नव्हते. त्यामुळे या कल्पनेवर अनेकांनी विश्वास ठेवला नाही.

पुढचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. १८७० च्या दशकात चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठच्या इरई गावी, याच प्रकारच्या थराखाली गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखडे पडलेला चुनखडक सापडला. सरकणाऱ्या हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खडकाला असेच घासतात. भारतात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या, हे आज सर्वमान्य आहे. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही तसेच थर मिळाले. हे सगळे भूभाग एकेकाळी दक्षिण ध्रुवाजवळ एकत्र होते, या सिद्धांताचा तो एक भक्कम पुरावा ठरला.

तेविशीत केलेल्या या कामातून ब्लॅनफर्ड यांची पद्धत दिसते. आधी थर नीट पाहायचा, कणांचा आकार आणि मांडणी नोंदवायची. मग हा थर कशामुळे तयार होऊ शकतो, हे विचारायचे. उत्तर कितीही अजब वाटले तरी पुरावा त्याच्या बाजूने असेल, तर ते मांडायचे.

खानदेशात ते का आले?

तालचेरनंतर राणीगंजचा कोळसा पट्टा, दक्षिणेतील त्रिचनापल्ली आणि ब्रह्मदेश असा प्रवास करून ब्लॅनफर्ड १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात आले. पुढची सुमारे ४ वर्षे त्यांनी पश्चिम भारताची पाहणी केली. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता आणि मुख्यालय धुळे होते. जळगाव आणि धुळे वेगळे होण्याची सुरुवात बरीच नंतर, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी झाल्यावर झाली. नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्यांच्या पाहणीच्याच दशकात भुसावळमार्गे रेल्वेमार्ग टाकले जात होते.

सर्वेक्षणाचे काम ऋतूप्रमाणे चाले. पावसाळा संपला की अधिकारी तंबू, घोडे, नोकर आणि वाटाडे घेऊन बाहेर पडत. हातोडा, होकायंत्र, भिंग आणि वही एवढीच साधने. नदीचे कापलेले काठ, घाटातील कडे, विहिरींची खोदाई अशा ठिकाणी खडक उघडा दिसतो. तिथे थांबायचे, थर मोजायचे, नकाशावर खूण करायची. उन्हाळा वाढला की परतायचे आणि पावसाळ्यात अहवाल लिहायचा. या कामात वाट दाखवणाऱ्या, नाले आणि पाणवठ्यांची माहिती देणाऱ्या स्थानिक माणसांची नावे मात्र अशा अहवालांत क्वचितच सापडतात.

काळ्या पाषाणाचे वय कसे काढले?

खानदेशात सगळीकडे दिसतो तो काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. लाव्हारसाचे थरावर थर साचून सह्याद्री, सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर तयार झाले, हे तेव्हा माहीत होते. पण कधी? किरणोत्सारावर आधारित वयमापन तेव्हा नव्हते. ब्लॅनफर्ड यांनी हे कोडे खालच्या आणि वरच्या गाळखडकांच्या मदतीने सोडवले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात सर्वांत जुना पेपर तळाशी असतो आणि आजचा सगळ्यात वर. थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा जुना, वरचा नवा. निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने हा नियम १६६९ मध्ये मांडला होता. म्हणजे ब्लॅनफर्ड यांच्या तापी अहवालाच्या बरोबर २०० वर्षे आधी.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. धुळ्याच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे. तिथे बेसाल्टच्या खाली समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. त्यात सागरी शिंपले आणि इतर समुद्री जिवांचे जीवाश्म आहेत. हे जीव क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनोसॉरच्या युगातले. दुसरीकडे गुजरातेत सुरत आणि भरूचच्या बाजूला बेसाल्टच्या वर दुसरे सागरी थर बसलेले आहेत. त्यात नाण्यासारख्या चपट्या, गोल न्यूम्युलाइट नावाच्या जिवांचे जीवाश्म आहेत. ते त्यानंतरच्या इओसीन काळातले.

म्हणजे लाव्हा बाघच्या थरांनंतर आला आणि सुरतच्या थरांआधी थंड झाला. हिशेब क्रिटेशसच्या शेवटाजवळ येतो. आज प्रयोगशाळेत आर्गॉन वायू आणि झिरकॉन स्फटिकांवरून मोजलेले वय सुमारे ६.६ कोटी वर्षे निघते. यंत्राशिवाय, फक्त थरांचा क्रम लावून काढलेला अंदाज इतका जवळ गेला, हे विशेष.

आणखी एक बारकावा होता. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे गाळाचा पातळ थर सापडतो. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष असतात. मुंबईत तर अशा थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. बेडूक समुद्रात राहत नाहीत. त्यामुळे हा लाव्हा समुद्रतळावर नव्हे, तर जमिनीवर पसरला आणि दोन उद्रेकांच्या मध्ये तळी भरण्याइतका काळ गेला, असा निष्कर्ष निघतो. १८६७ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी या विषयावर स्वतंत्र लेखन केले.

तापीच्या गाळाचे कोडे

बेसाल्ट ही खानदेशची जुनी गोष्ट झाली. त्यावरचा गाळ तुलनेने अगदी अलीकडचा, मुख्यतः गेल्या २६ लाख वर्षांतला. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. बऱ्हाणपूर सोडून ती खानदेशात शिरते, चांगदेवला पूर्णा तिला मिळते, पुढे गिरणा, पांझरा या नद्या येतात. या पट्ट्यात तिच्या दोन्ही बाजूंना गाळाचे रुंद मैदान आहे. पण पश्चिमेला गुजरातकडे जाताना ती पुन्हा डोंगर आणि खडकांतून वाट काढते.

कोडे इथेच आहे. नदी वरून खाली वाहते. खालच्या बाजूला खडकाचा उंबरठा असेल, तर नदीला वरच्या बाजूला त्या उंबरठ्यापेक्षा खोल कोरता येणार नाही. मग जळगावच्या बाजूला खडकात इतकी खोल पोकळी कुठून आली, की ज्यात शेकडो फूट गाळ साचावा? पूर्णेच्या खोऱ्यातही तेच. अकोल्याच्या उत्तरेला तर या गाळात खोल विहिरी घेऊन खारे पाणी काढले जाई आणि त्यापासून मीठ बनवले जाई. आजचा खारपाणपट्टा तो हाच.

दोन शक्यता होत्या. एक, इथे मोठे सरोवर होते आणि ते गाळाने भरले. दोन, जमिनीचा हा भाग हळूहळू खचत गेला आणि नदी तो सतत भरत राहिली. नर्मदा, तापी आणि पूर्णा या तिन्ही मैदानांबाबत सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिकांना हा प्रश्न पडला होता.

गाळ नदीचा की तळ्याचा, हे कसे ओळखतात?

आजही विद्यार्थी तापीकाठी जातात तेव्हा साधारण याच खुणा शोधतात :

• कणांचा क्रम : नदीच्या पात्रातील थरात तळाशी गोटे, वर वाळू आणि सर्वांत वर बारीक गाळ असा क्रम वारंवार दिसतो. नदी जागा बदलते, तेव्हा जुन्या पात्रावर पुराचा गाळ बसतो. तळ्यात मात्र बारीक चिकणमातीचे पातळ, सारखे पापुद्रे दूरवर पसरतात.

• तिरके थर : वाळूचे ढीग प्रवाहासोबत पुढे सरकतात. त्यांच्या आतले तिरके पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने उतरलेले असतात. हजारो वर्षांनंतरही नदी कुठल्या दिशेला वाहत होती, हे त्यावरून कळते.

• गोट्यांचा कल : पात्रातले चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसतात. त्यांचा उतार प्रवाह येतो त्या बाजूला असतो.

• गोट्यांची जात : बेसाल्टच्या पोकळ्यांतली गारगोटी आणि अकीक गाळात सापडले तर सामान कुठल्या डोंगरातून आले, याचा माग लागतो.

• चुनखडीचे खडे : पाऊस कमी आणि ऊन जास्त अशा हवामानात मातीतला चुना आतल्या आत गोळा होऊन खडे बनतात. असा थर म्हणजे ती जमीन बराच काळ उघडी होती. तळ्याखाली ती बुडालेली नव्हती.

तापीचे उंच काठ आणि त्यातल्या घळी पाहिल्या, तर वाळूच्या पट्ट्या, गोट्यांचे थर आणि चुनखडीचे खडे असलेली माती वारंवार दिसते. ही मुख्यतः नदीची आणि पुराची लक्षणे आहेत. त्यामुळे दुसरी शक्यता वजनदार ठरते. शालेय भूगोलात आपण नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात असे शिकतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या प्रस्तरभंगामुळे, म्हणजे जमिनीतील भेगेलगत भूभाग वरखाली सरकल्यामुळे, दक्षिणेकडचा भाग खचला. उत्तरेला डोंगर उंच राहिला, पायथ्याला खोलगट जागा तयार झाली आणि नद्यांनी ती भरली.

खानदेशानंतरचा प्रवास

खानदेशचे काम संपल्यावर ब्लॅनफर्ड १८६७ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या मोहिमेसोबत ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला गेले. तिथल्या खडकांवर आणि प्राण्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. १८७० च्या दशकात सिक्कीम, इराणची सीमा आणि सिंध असा प्रवास झाला.

१८७९ मध्ये त्यांनी हेन्री मेडलिकॉट यांच्यासोबत भारताच्या भूशास्त्राचा पहिला समग्र ग्रंथ सिद्ध केला. देशभरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या नोंदी प्रथमच एका चौकटीत आल्या. पुढच्या पिढ्यांनी भारताचे भूशास्त्र याच ग्रंथावरून शिकायला सुरुवात केली.

१८८२ मध्ये ते निवृत्त झाले, १८८३ मध्ये वयाच्या पन्नाशीत विवाह केला आणि लंडनला स्थिरावले. पण काम थांबले नाही. भारतातील प्राण्यांवरील प्रसिद्ध ग्रंथमालेचे ते संपादक झाले. सस्तन प्राण्यांचा खंड आणि पक्ष्यांचे दोन खंड त्यांनी स्वतः लिहिले. ब्लॅनफर्डचा कोल्हा आणि ब्लॅनफर्डचा उंदीर ही नावे त्यांच्यावरूनच आली आहेत. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्षपद आणि रॉयल सोसायटीचे पदकही त्यांना मिळाले. २३ जून १९०५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

ते कुठे अडले?

ब्लॅनफर्ड यांच्याकडे काय नव्हते, हेही पाहायला हवे. गाळाचे वर्षांतले वय काढण्याची सोय नव्हती. जमिनीखाली डोकावणारी यंत्रे नव्हती. खंड सरकतात, ही कल्पना वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडली, म्हणजे ब्लॅनफर्ड यांच्या निधनानंतर ७ वर्षांनी.

भारत आणि दक्षिण आफ्रिकेतले जुने थर आणि जीवाश्म इतके सारखे कसे, हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत सतावत होता. मध्ये जमीन असली पाहिजे, महासागर कायमचे नाहीत, असे मत त्यांनी १८९० मध्ये मांडले. ती जमीन पुढे बुडाली असावी, असा तेव्हाचा समज. प्रत्यक्षात जमीन बुडाली नव्हती, भूखंडच दूर गेले होते. निरीक्षण बरोबर होते, पण स्पष्टीकरणासाठी लागणारी माहिती अजून जगाकडे नव्हती.

१८८४ मध्ये माँट्रियल येथील परिषदेत त्यांनी आणखी एक इशारा दिला होता. दोन दूरच्या प्रदेशांत सारखे जीवाश्म सापडले म्हणून दोन्ही थर एकाच काळातले, असे डोळे मिटून धरू नका. त्याच वर्षी प्रमथनाथ बोस यांचा नर्मदेच्या खालच्या खोऱ्यावरचा अहवाल आला. ते सर्वेक्षणातले सुरुवातीचे भारतीय अधिकारी. त्यांनी बाघच्या थरांची मांडणी नव्याने केली. याच बोस यांनी पुढे मयूरभंजचे लोहखनिज शोधले, ज्यावर टाटांचा पोलाद कारखाना उभा राहिला.

आज गाळाचे वय कसे मोजतात?

थरात कोळसा, शंख किंवा हाड मिळाले तर रेडिओकार्बन पद्धतीने साधारण ५० हजार वर्षांपर्यंतचे वय काढता येते. त्याहून जुन्यासाठी वाळूचा कणच घड्याळासारखा वापरतात. क्वार्ट्झचा कण मोबाइलच्या बॅटरीसारखा समजा. उन्हात पडला की तो पूर्ण डिस्चार्ज होतो. गाळाखाली गाडला गेला की आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे हळूहळू चार्ज होत राहतो. प्रयोगशाळेत अंधारात त्याचा चार्ज मोजला, की तो शेवटचा उन्हात कधी होता ते कळते. म्हणूनच नमुने घेताना नळी काठात ठोकून, ऊन लागू न देता बाहेर काढतात.

या थरांत माणसाच्याही खुणा आहेत. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे. खानदेशात शहामृग होते आणि त्यांच्या अंड्यांचे दागिने घालणारी माणसे होती! गिरणाकाठचे बहाळ आणि तापी-गोमाई संगमावरचे प्रकाशे इथेही १९५० च्या दशकातील उत्खननांत ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर उघडे झाले.

केळी, बोअर आणि भूकंप : आपला काय संबंध?

सर्वांत थेट संबंध पाण्याचा. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्या पायथ्याशी आल्या की त्यांचा वेग एकदम कमी होतो. तिथे त्या मोठे गोटे आणि खडी टाकून देतात. भूजल विभाग या पट्ट्याला बझाडा म्हणतो. गोट्यांमधल्या मोकळ्या जागांतून पाणी झपाट्याने खाली उतरते आणि पुढे तापीच्या गाळातल्या वाळूच्या थरांपर्यंत पोहोचते. भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी या भूजलाच्या आधाराने उभी आहे.

पण रावेर आणि यावल तालुक्यांत भूजलाचा अतिउपसा झाला आहे. भरणा होतो त्यापेक्षा उपसा जास्त, असे साधे गणित. दोन बोअरमधील फरकाचे कारणही इथेच आहे. एका शेतात वाळूचा जाड थर लागतो, शेजाऱ्याकडे तिथेच चिकणमाती असते. जुनी नदी जिथून वाहत होती तिथे वाळू, जिथे फक्त पुराचे पाणी चढत होते तिथे गाळ. बोअर मारताना कुठल्या खोलीवर काय निघाले, याची नोंद ठेवली तर पुढचा निर्णय सोपा होतो.

तापी महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या थरांत पाणी मुरवणे हा तिचा गाभा आहे. कुठला थर पाणी पितो आणि कुठला अडवतो, हे कळल्याशिवाय अशी योजना नीट चालू शकत नाही.

धुळ्याच्या बाजूला प्रश्न वेगळा. तिथे पाणी बेसाल्टच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असते. धुळे-नंदुरबार भागात लाव्हा भेगांत गोठून तयार झालेल्या उभ्या कातळभिंती शेकड्याने आहेत. त्या काही ठिकाणी भूजल अडवतात, काही ठिकाणी त्यांच्या कडेने वाट देतात. पांझरेच्या खोऱ्यात पूर्वजांनी बंधारे बांधून फड पद्धतीने पाणी वाटून घेतले. कारण तिथल्या जमिनीखाली मोठा साठा नव्हता, जे होते ते नदीत.

दुसरा संबंध भूकंपाचा. जमीन खचवणारे ते प्रस्तरभंग पूर्णपणे शांत नाहीत. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा परिसरात ६ हून अधिक क्षमतेचा भूकंप झाला होता. गाळाची जमीन धक्क्याच्या लाटा वाढवते, त्यामुळे कुठे किती जाड गाळ आहे, हे बांधकामासाठीही महत्त्वाचे.

आणि तिसरा, काठांचा. नदीचा कापलेला काठ हे भूवैज्ञानिकाचे पुस्तक असते. बेसुमार वाळूउपसा आणि वीटभट्ट्यांसाठीची खोदाई यांत ते कायमचे नाहीसे होते. पाटण्यासारखा एखादा मणी त्यात असेल तर तोही जातो. ब्लॅनफर्ड यांच्या काळी उघड्या काठांखेरीज दुसरे साधन नव्हते. आज यंत्रे आहेत, पण नमुना घ्यायला थर जागेवर असावा लागतो. हजारो वर्षांत साचलेला काठ एका हंगामात ट्रॅक्टरने उचलता येतो. तो पुन्हा तयार करता येत नाही.